आटलेल्या समुद्राचा धडा

पोरांना मध्य आशिया शिकवायचा म्हणजे नुसती डोकेफोड. पाच देश, पाचांच्या शेवटी स्तान, आणि त्यातला एकही कुणाला नकाशात सापडत नाही. म्हणून धडा आदल्या संध्याकाळी घरी मोठ्यानं वाचायची माझी सवय. ऐकायला आप्पा, म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याऐंशी, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेत. कान मात्र लई तिखट.

त्या दिवशी मी वाचत होते. पामीर आणि तिएन शानच्या बर्फातून अमू दर्या, सिर दर्या निघतात आणि वाळवंट ओलांडून अरल समुद्राला मिळायच्या. याच मुलखात समरकंद, बुखारा, रेशमाचे काफिले. मग सोव्हिएत रशियाच्या राजवटीत ठरलं, वाळवंटात कापूस पिकवायचा. कालवे खणले, नद्या कापसाला पाजल्या, समुद्र आटला. मासेमारीच्या बोटी वाळूत उभ्या राहिल्या, तळाचं मीठ वाऱ्यावर उडून माणसांच्या छातीत गेलं. आता वरच्या देशांना धरणाचं पाणी हिवाळ्यात विजेसाठी सोडायचंय, खालच्यांना ते उन्हाळ्यात शेताला हवंय, आणि डोंगरावरचा बर्फ तर कमीच होत चाललाय.

आप्पांनी सोलापुरात वीस वर्षं मिलमध्ये सूत कातलं. ते म्हणाले, कापूस आपणही कातला, त्यात कुणाची नदी गेली कुणास ठाऊक. असा विद्यार्थी वर्गात एक असता तर! त्या भरात मी पुढची ओळ वाचून टाकली. समुद्र हटला तेव्हा तळावर काही शतकांपूर्वीची कबर उघडी पडली.

वाचली आणि जीभ चावली.

आमचं गाव जेऊरजवळ होतं. उजनी धरणात गेलं. त्याच्या दोन वर्षं आधी माझी आई, चंद्रव्वा, वारली. मी सहा वर्षांची होते. आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, तळहातावर इष्टलिंग ठेवतात आणि वरून माती लोटून खुणेचा दगड ठेवतात. आई कुठं गेली विचारलं की आप्पा म्हणायचे, तितं बसली हाय. मग पाणी आलं आणि आम्ही बैलगाडीत संसार घालून निघालो. मी सारखी मागं बघत होते. आई बसलेलीच, आणि पाणी चढतंय. पन्नास वर्षं होत आली, मी भूगोलाची एम.ए., तरी नळाखाली बादली भरायला लावली की पाणी तिच्या गळ्याशी आलेलं दिसतं मला.

आप्पांचा रोज सकाळचा प्रश्न एकच, उजनी किती? सोलापूरच्या नळाला पाणी उजनीचंच, त्यामुळं पेपरात आकडा असतोच. उजनी पार मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात खोल गेली की आमच्या गावाचा तळ उघडा पडतो. मरायच्या आधी एकदा तिच्यासमोर तासभर बसायचं, एवढंच त्यांचं मागणं. आणि मी खोटे आकडे वाचत आले. दोन वर्षांपूर्वी उजनी मायनस साठच्या आसपास गेली, मी वाचलं, चाळीस टक्के. ऊन आहे, वय आहे, असं मनाला सांगितलं. कसलं ऊन आणि कसलं वय! भीती माझी होती. चिखल फाटलेला असेल आणि आई बसलेली दिसेल.

त्या संध्याकाळी कबरीची ओळ ऐकून आप्पांनी माझ्याकडं तोंड वळवलं.

"आज नळ सातव्या दिवशी आला," ते म्हणाले. "राजी, खरं सांग. उजनी किती?"

"मायनस पन्नास," मी म्हणाले.

रविवारी गाडी करून टेंभुर्णीवरून गेलो. भेगाळलेली जमीन, पायाखाली शिंपले, आणि सगळीकडं गार पडलेल्या चुलीसारखा राखाडी रंग. बुडालेल्या विहिरीचा काठ अजून होता. तिथून उगवतीला चाळीस पावलं, आप्पांना पाठ होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते मोजत निघाले. छत्तिसाव्या पावलाला मी त्यांना थांबवलं. पुढं भलामोठा खड्डा होता.

गाळात मका टोकणारी एक बाई, सोनाबाई, जवळ आली. मी विचारल्यावर तिनं सांगितलं, हितं एक काळा दगड होता, कुणाचा ते ठाऊक नाही, पण पाणी हटलं की आम्ही त्याला हळदकुंकू वाहायचो. दोन वर्षांमागं पोकलेन आलं, शेतात टाकायला गाळ भरून नेला, त्यात दगडही गेला.

आप्पांनी सगळं ऐकलं. मला खाली ने म्हणाले. मी नेलं. त्यांनी खड्ड्याची कड तळहातानं चाचपली आणि मांडी घालून बसले. मी डोळे उघडे ठेवून बघितलं. हाड नाही, दगड नाही, काहीच नाही. जे दिसेल म्हणून जन्मभर घाबरले, ते दिसावं म्हणून आता जीव तुटत होता.

"मीच खोटं वाचलं, आप्पा," मी म्हणाले. "तेव्हा आलो असतो तर होती ती."

"ठाव हाय मला. नळ आंदळ्यालाबी कळतो की." ते मातीवरून हात फिरवत होते. "ल्हानपणी झोपेत वराडायचीस, आई भिजली, आई भिजली म्हणून. तू अजून भितीस, म्हणून मी गप बसलो. वाटलं, तिला काय, ती बसलेलीच हाय."

तासभर बसायचं ठरलं होतं, तेवढे ते बसले. 

आता सकाळी ते उजनी विचारत नाहीत. मी मात्र खरा आकडा मोठ्यानं वाचते. नळ आला की बादली लावते. त्या पाण्यात आता आई दिसत नाही. कोरडा खड्डा दिसतो, आणि त्यात मांडी घालून आप्पा बसलेले असतात.