संप आणि पाच गावांचा वर्ग

घरात तिला सगळे काडी म्हणत. अंगानं तशीच, आणि पेटायलाही वेळ लागत नसे. गणितात पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तशी ती मावशीकडे राहायला आली. पहिल्या वर्षी नव्यांना काही विषय शिकावेच लागत, पण एकेका विद्यापीठात विद्यार्थी एखाददुसराच. म्हणून पाच विद्यापीठांनी मिळून एकच वर्ग सुरू केला होता. मॅडम त्यांच्या गावाहून शिकवायच्या, बाकीचे आपापल्या गावी पडद्यासमोर बसायचे. काडीच्या खोलीत ती एकटीच असे.

त्या आठवड्यात वसतिगृहाची लिफ्ट कोसळून एक मुलगा गेला. लिफ्टच्या अभियंत्याला निलंबित करा म्हणून विद्यार्थ्यांनी संप पुकारला. पुढारी होता मावशीचा मुलगा, काडीचा दादा.

"उद्या एकही वर्ग भरणार नाही," जेवताना तो म्हणाला. "तुझाही."

"माझा वर्ग बंद कसा करणार दादा? तो बाकीच्या चार गावांत भरणारच. उद्या सिद्धता मांडायची पाळी माझी आहे. नापास झाले तर जागा जाईल."

"पोरगा जिवानिशी गेला आणि तुला सिद्धतेचं पडलंय. घरची म्हणून गय करणार नाही, सांगून ठेवतो."

"आधी जेवा," मावशी म्हणाली.

दादाचं म्हणणं खोटं नव्हतं, हे काडीला कळत होतं. तरी ती गेली. म्हाताऱ्या शिपाईकाकांनी तिला मागच्या दारानं आत घेतलं. "आटप लवकर पोरी," म्हणत त्यांनी वर्गाच्या दाराला आतून कडी लावली आणि ते दाराशीच स्टूल टाकून बसले. पडद्यावर चार खोल्या उजळल्या. काडीचा अर्धा फळा भरला असेल नसेल, तोच जिन्यावर पावलं धडधडली.

काका दाराला पाठ लावून उभे राहिले. तिसऱ्या लाथेला कडी निखळली आणि ते तोंडघशी पडले. दादासकट पाचसहा जण आत घुसले. एकानं सळईनं कॅमेरा उडवला. काका उठायला लागले तर त्यानं तीच सळई त्यांच्या जबड्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज काडीला स्पष्ट ऐकू आला.

"काय चाललंय तिथं?" पडद्यावरून मॅडमचा आवाज आला. "अरे, कुणीतरी पोलिसांना फोन करा."

"मॅडम, त्यांच्या गावच्या पोलिसांचा नंबर कुणाकडे आहे?" एक मुलगा म्हणाला. कुणाकडेच नव्हता.

दादानं काडीची वेणी मुठीत धरली. "पूस ते."

"आधी काकांना सोडायला सांग. मरतील ते."

"पूस म्हणतो ना." त्यानं तिचं कपाळ फळ्यावर आपटलं. मग आणखी एकदा. कपाळावरचं रक्त डोळ्यांत आलं. खाली काकांच्या बरगड्यांत लाथा बसतच होत्या. चाचपडताना तिच्या हाताला फळ्यावर वर्तुळं काढायचा, खिळ्याला टांगलेला लाकडी कंपास लागला. तिनं तो ओढला आणि मागं न बघताच त्याचं लोखंडी टोक होता नव्हता तेवढा जोर लावून मागं खुपसलं.

वेणी सुटली. दादा हळूच खाली बसला. डोळ्यावर धरलेल्या बोटांमधून रक्ताची धार लागली होती.

"काडी, काय केलंस गं," तो इतक्या हलक्या आवाजात म्हणाला की बाकीच्यांचे हातपाय जागच्या जागी थांबले. मग एकेक करून ते पळाले.

दादाचा डावा डोळा गेला. काकांचा जबडा तारांनी बांधला. दवाखान्यात फौजदार आला तेव्हा दादानं सांगितलं, "धक्काबुक्कीत मीच कंपासच्या टोकावर पडलो. तिचं नाव घेऊ नका." काडी पलीकडच्या खाटेवर टाके घालून घेत होती. तिनं ते ऐकलं.

काकांना बोलता येत नव्हतं. त्यांची बायको काडीपाशी येऊन उभी राहिली. "बाई, ह्यांना कुणी मारलं, ते बघणारी तू एकटीच."

काडीनं फौजदाराला हाक मारली. सळई कुणाच्या हातात होती ते सांगितलं. जमाव कुणी आणला, तेही सांगितलं. दादाचं नाव तिनं पूर्ण घेतलं. मग म्हणाली, "आणि तो पडला नाही. मी कंपास खुपसला."

संपाला यश आलं. लिफ्टचा अभियंता निलंबित झाला. दादाला मात्र मलमपट्टीसकट अटक झाली. जबाब घेऊन पोलिसांनी सोडल्यावर काडी घरी आली तेव्हा मावशीनं तिची बॅग भरून उंबऱ्याबाहेर ठेवली होती.

"त्यानं तुला पाठीशी घातलं," मावशी म्हणाली.

"हो."

"आणि तू?"

काडीनं बॅग उचलली. मावशीनं तिच्या कपाळावरची पट्टी नीट बसवली, मग आत जाऊन दार लावून घेतलं.