शेजारचा ब्रेक

मास्तरांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबली नाही.

त्यांचा पाय मॅटवर आपटला, गुडघ्यापर्यंत कळ गेली, तरी गाडी आपली पुढेच. समोर पांढऱ्या पट्ट्यांवरून एक म्हातारा सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होता. मग स्टिअरिंगवर बसलेल्या जावयाने ब्रेक लावला. उशिरा लावला, पण लावला. टायर किंचाळले आणि गाडी पट्ट्यांवर चढून उभी राहिली. तोल सावरायला म्हाताऱ्याने बॉनेटवर हात टेकला होता. त्याने काचेतून आत एकेकाकडे नीट पाहिलं, हात उचलला आणि सायकल ढकलत निघून गेला.

“बघा, लागला की नाही वेळेवर?” जावई हसला. बंद गाडीत त्याच्या तोंडाचा दारूचा वास आणखीच पसरला.

मास्तर अजून मॅटवर पाय दाबूनच बसले होते.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलवाले मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवलेली. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता आणि मास्तरांचं सारं आयुष्य त्या ब्रेकवर पाय ठेवून गेलं. शिकणारा गडबडला की ते ओरडत नसत, पाय दाबायचे आणि म्हणायचे, “हं, आता पुन्हा.” तोंडाने ‘थांब’ म्हणायची वेळच त्यांच्यावर कधी आली नाही. पुढे स्वभावच तसा झाला. घरातही ते कुणाला तोडून बोलत नसत, आणि जावयाला तर नाहीच नाही.

आज दुपारी जावयाच्या मित्राने सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. जेवणाआधी ग्लास भरले गेले, जेवणानंतरही भरले गेले. मास्तर घेत नसत. पण त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. काळा चष्मा, आणि गाडीला हात लावायचा नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. निघताना लेक दारातच घुटमळली. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं.

“बाबा, हे चालवतील ना नीट? की टॅक्सी बोलवू?”

जावयाच्या कपाळावर आठी आली. मित्र बघत होते. मास्तरांना अवघडल्यासारखं झालं.

“बस गं. मी आहे ना शेजारी,” ते म्हणाले.

इतकं सहज म्हणाले की त्यांना स्वतःलाही ते खरं वाटलं. लेकीने मुकाट्याने बाळाला मागे त्याच्या सीटमध्ये बांधलं. बाबा शेजारी असले की गाडीला काही होत नाही, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. जावयानेही किल्ली फिरवताना म्हणून घेतलं, “मास्तर शेजारी असताना कसली आलीय भीती!”

आता मागून हॉर्न वाजायला लागले. जावयाने गिअर टाकला.

“गाडी बाजूला घे,” मास्तर म्हणाले.

“अहो मास्तर, काही झालंय का? डाव्या हाताचा मळ आहे हा माझ्या.”

“बाजूला घे. आणि किल्ली दे.”

लग्न झाल्यापासून मास्तर त्याला अहो-जाहो करत आले होते. जावयाने वळून त्यांच्याकडे पाहिलं. गाडी कडेला लागली. मास्तरांनी किल्ली घेतली.

“तुम्ही शेजारी होतात म्हणून बसले मी, बाबा,” लेक मागून म्हणाली. “बाळाला घेऊन बसले.”

मास्तर मागे वळले.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “इथे ब्रेक नाहीये गं. मी विसरूनच गेलो.”

कुणी हसलं नाही. मास्तरांनी किल्ली मागे धरली.

“मी चालवू?” लेकीकडे लायसन्स होतं, बाबांनीच शिकवून काढून दिलेलं. पण गाडी नवी म्हणून नवऱ्याने तिला हात लावू दिला नव्हता. “सवय गेलीय माझी. मग तुम्ही शेजारी बसा.”

“नाही. मी मागे बसतो, बाळापाशी.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर थांबव. थांबवायला तुला येतं.”

सगळे उतरले. बॉनेटवरच्या धुळीत म्हाताऱ्याचा पंजा पाचही बोटांसकट उमटला होता. जावयाने सवयीने दारातलं पिवळं फडकं काढलं.

“राहू दे,” लेक म्हणाली.

त्याने फडकं खिशात कोंबलं आणि मास्तरांच्या जागेवर जाऊन बसला. लेकीने सीट पुढे ओढली, आरसा नीट केला, बेल्ट लावला, सगळं शिकवलं होतं त्याच क्रमाने. मागे मास्तरांनी चपला काढल्या आणि चक्क मांडी घातली. पायाचा भरवसा नव्हता.

पुढच्या चौकात सिग्नल पिवळा झाला. लेकीने वेग कमी करत आणला आणि गाडी अलगद उभी राहिली. बाळाची मानसुद्धा हलली नाही. मास्तरांनी दोन सीटांच्या मधून पुढे पाहिलं. जावयाचा पाय मॅटवर घट्ट दाबलेला होता. सिग्नल सुटला तरी त्याने तो उचलला नाही.