आत्याच्या डोळ्यातला राखणदार

मित्रांनो, खिडकीजवळच्या फळीवर एक छोटी काचेची बाटली आहे, ती उचलून बघा. हळू, धक्काबुक्की नको. आत मधाच्या रंगाचा, मसुरापेक्षा थोडा मोठा खडा दिसतो ना? तो दगड नाही आणि औषधाची गोळीही नाही. माणसाच्या डोळ्यातल्या भिंगाचा तो गाभा आहे, आणि त्या गाभ्यात मी राहतो. मी एक म्हातारे प्रथिन आहे. प्रथिने तर डाळीत आणि अंड्यात असतात, असे तुम्ही म्हणाल. मीही त्याच जातीचा, पण मला कोणी खाल्लेले नाही. मी जन्मभर नोकरी केली आहे.

जिच्या डोळ्यात मी नोकरी केली ती तुमच्या विज्ञानाच्या बाईंची आत्या. बाईंच्या तोंडून ऐकून ऐकून मीही तिला आत्याच म्हणतो. खरे तर ती माझ्यापेक्षा थोडी लहान आहे. हसू नका. ती जन्मली तेव्हा मी तयार होऊन कामाला लागलेलो होतो.

माझा जन्म एका पेशीत झाला. पेशी म्हणजे शरीराची एवढीशी खोली, पण तिथे जो कारखाना चालतो त्याला तोड नाही. तिथे आधी मण्यांची लांबलचक माळ ओवतात. कोणता मणी कोणानंतर, हे आधीच ठरलेले असते. पण माळ ओवली म्हणजे काम संपले असे नाही. नुसती लोंबणारी माळ कुचकामी. तिची नेमकी घडी पडावी लागते. घडी नीट पडली तर कोणी रक्तातून प्राणवायू वाहतो, कोणी अन्न पचवतो, कोणी माझ्यासारखा पारदर्शक होऊन डोळ्यात बसतो. आणि घडी चुकली तर तीच माळ चिकट होते आणि दिसेल त्याच्या गळ्यात पडत सुटते.

माझी घडी पडत होती तेव्हा आजूबाजूला ही गर्दी! एका मदतनिसाने मला बाजूला घेतले आणि कोणाचा धक्का लागू नये म्हणून सांभाळून धरले. माझे काम होताच तो पुढच्याकडे गेला. पेशीत असे मदतनीस पुष्कळ असतात. त्यांचे नाव कोणी घेत नाही आणि त्यांना त्याचे काही वाटतही नाही. ताप आला, अंग तापले, की सगळ्यांच्या घड्या ढिल्या पडू लागतात. तेव्हा पेशी हातातली कामे टाकून आधी नवे मदतनीस तयार करते. किती शहाणपणा आहे बघा.

मग येतात तपासनीस. घडी वाकडी दिसली तर ते लगेच हाकलून देत नाहीत, पुन्हा एक संधी देतात. तरीही जमले नाही तर त्या माळेला एक खूण चिकटवतात. खूण लागलेली माळ तुकडे करणाऱ्या यंत्रात जाते आणि सुटे झालेले मणी नव्या माळेत ओवले जातात. नासाडी नाही, आरडाओरडा नाही. तुम्ही बाकावर डुलक्या काढत असता तेव्हाही तुमच्या अंगात हे सगळे चालू असते. मला तर या कारखान्याचा अजून अभिमान वाटतो.

मला नेमले ते मदतनिसाच्याच कामावर. शास्त्रज्ञ आम्हाला अल्फा क्रिस्टलिन म्हणतात. पण आमची पेशी पडली भिंगाची. उजेड आरपार जावा म्हणून तिने एक जगावेगळी गोष्ट केली. आपला सगळा कारखाना मोडून टाकला. माळा ओवणारे गेले, तुकडे करणारी यंत्रे गेली, सगळे सामानसुमान गेले. म्हणजे भिंगाच्या गाभ्यात आता नवे कोणी येणार नव्हते आणि बिघडलेला कोणी बाहेर जाणार नव्हता. जे आत आहेत त्यांनीच शेवटपर्यंत निभावून न्यायचे होते.

माझे काम साधे होते. शेजाऱ्याची घडी सुटू लागली की त्याला धरायचे. त्याला पुन्हा सरळ करण्याची ताकद माझ्यात नाही. मी फक्त धरतो, म्हणजे तो दुसऱ्याला चिकटून त्यांचा गठ्ठा होत नाही. गठ्ठा झाला की उजेड अडतो. आणि एकदा धरला की सोडायचा नाही, कारण त्याला सोडायला जागाच नाही. तरुणपणी आमचे हात रिकामे होते. भिंग असे लख्ख होते की विचारू नका.

त्या लख्ख भिंगातून मी आत्याचे जग पाहिले. तिचे वडील प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणे बनवत. लहानपणीच ती त्यांच्या शेजारी स्टुलावर जाऊन बसू लागली. काचेची नळी ज्योतीत फिरवायची, ती लाल होऊन मऊ पडली की फुंकर घालायची, आणि नळीच्या टोकाला हळूहळू एक गोल फुगत जायचा. वडील गेल्यावर ते काम तिने हाती घेतले. धाकटा भाऊ, म्हणजे तुमच्या बाईंचे वडील, माल धुणे, बांधणे आणि पोचवणे बघायचा. काम दोघांचे, पण शब्द आत्याचा.

आणि तपासणी तर फक्त तिचीच! तयार झालेला प्रत्येक चंबू ती खिडकीसमोर धरायची, डावा डोळा मिटायची आणि उजव्याने, म्हणजे आमच्या भिंगातून, निरखायची. कुठे फुगा, कुठे रेघ, कुठे जाडपातळ भिंत दिसली की चंबू थेट पिंपात. पिंप भरले की ती फुटकी काच वितळवायला जायची. भाऊ हळहळायचा, "ताई, एवढ्याशा रेघेनं काय होतंय?"

"तापवल्यावर तडकेल. ज्याच्या हातात तडकेल त्याला विचार काय होतंय ते," ती म्हणायची.

आमच्या पेशीतले तपासनीस तिला भेटले असते तर त्यांनी तिला खुर्ची दिली असती. माझा तिच्यावर जीव होता तो यामुळेच.

एका बाबतीत मात्र ती हट्टी होती. ज्योतीसमोर लावायचा संरक्षक चष्मा खिळ्याला टांगलेला असायचा. "त्यातून काचेचा रंग कळत नाही," असे म्हणून ती उघड्या डोळ्यांनीच काम करायची, आणि तेही मान अशी तिरकी करून की उजवा डोळा ज्योतीच्या जवळ. त्या धगीने शेजाऱ्यांच्या घड्या सुटायला लागल्या. एकाला धरले, दुसऱ्याला धरले. धग रोजची, आणि जोडीला वय. आमच्यातल्या एकेकाचे हात भरत चालले. आत्याला चाळिशी लागली तेव्हा सगळ्यांनी तिची थट्टा केली, पण मला ठाऊक होते की आत रिकामे हात आता फार थोडे उरले आहेत. पुढे तेही भरले. धरायला कोणी उरले नाही, तेव्हा गठ्ठे होऊ लागले आणि भिंगावर धुके उतरले.

पण मित्रांनो, आपल्या डोळ्यात धुके आहे हे माणसाला कळत नाही. त्याला वाटते, ते समोरच आहे.

आत्याने चंबू खिडकीसमोर धरला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. काच धुरकट! तिने तो पिंपात टाकला. दुसराही धुरकट, तिसराही. आधी तिने नळ्या पुरवणाऱ्याला फैलावर घेतले. मग गॅसवर संशय घेतला. मग भावाच्या धुण्यावर घसरली. पाणी बदलले, फडकी बदलली, ज्योत पुन्हा पुन्हा जुळवून पाहिली. शेवटी दोष द्यायला कोणी उरले नाही तेव्हा तिने आपले हात पुढे धरून पाहिले.

"माझा हातच गेला रे," ती भावाला म्हणाली. "वाईट माल बाहेर पाठवायचा नाही, बाबांना शब्द दिलाय मी. या महिनाअखेर बंद करू सगळं."

भाऊ पिंपाकडे बघत राहिला.

मला आतून ओरडून सांगावेसे वाटत होते की हात शाबूत आहे, काचही शाबूत आहे. पण माझा आवाज कोणाला ऐकू जाणार? तेव्हा मला एक गोष्ट उमगली. तपासनीस ढिला पडला तर नुकसान होतेच. बिघडलेल्या प्रथिनांचे गठ्ठे मेंदूत साचत गेले की माणूस आपल्याच माणसांना विसरू लागतो, असे तुमच्या बाईंनी शिकवले आहे. पण तपासनीस वाजवीपेक्षा कडक झाला तरी नुकसानच. फुप्फुसांचा एक आजार असा आहे की त्यात एका प्रथिनाची घडी जराशी वाकडी पडते. त्याला कामावर जाऊ दिले असते तर त्याने थोडेफार काम केले असते. पण तपासनीस त्याला वाटेतच मोडीत काढतात आणि तिकडे मूल श्वासासाठी झगडत राहते. आता अशी औषधे निघाली आहेत की ती त्या घडीला आधार देतात आणि तपासनिसाच्या हातून तिला सोडवून आणतात. आत्याच्या हातून तिचे चंबू सोडवायला मात्र कोणी नव्हते.

निदान मला तसे वाटत होते.

फळीवर तिच्या वडिलांनी केलेला एक चंबू नमुना म्हणून ठेवलेला असायचा. एका सकाळी भावाने त्यावरची धूळ धुतली आणि तो नव्या चंबूंच्या रांगेतच वाळत ठेवला. आत्या तपासायला बसली. एक उचलला, धुरकट, पिंपात. दुसरा उचलला, धुरकट. "हाही गेला," म्हणत तिने हात पिंपावर नेला आणि तो तिथेच थांबला. तिचा अंगठा चंबूच्या मानेवर टेकला होता. मान जिथे जोडतात तिथे तिचे वडील एक बारीक कड ठेवत. ती स्वतः अशी कड कधीच ठेवत नसे. डोळा म्हणत होता, टाकून दे. अंगठा म्हणत होता, हे बाबांचे काम आहे.

मग तिने चंबू पुन्हा खिडकीसमोर धरला आणि जन्मात कधी केले नव्हते ते केले. उजवा डोळा मिटला आणि डाव्याने पाहिले. धुके पुष्कळच विरळ झाले.

तिने भावाला हाक मारली. "बाबांचा हा चंबू धुरकट झालाय का रे? खरं सांग."

"नाही ताई. लख्ख आहे."

"आणि काल मी टाकले ते?"

बांधणीच्या टेबलाखाली वाकून भावाने एक खोके ओढले, मग दुसरे, मग तिसरे. कित्येक दिवस पिंपात टाकलेले चंबू तो तिची पाठ वळली की बाहेर काढत होता. पिंपात त्याने गुपचूप पेंढा अंथरला होता, म्हणून काहींचे टवके उडाले तरी पुष्कळ धड होते, पेंढ्यात नीट गुंडाळलेले.

"तेही लख्खच होते," तो म्हणाला.

"मग इतके दिवस तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

"तुझ्या नजरेवर शंका घ्यायची माझी काय बिशाद, ताई? तूच तर मला बघायला शिकवलंस."

आत्या हसायला लागली आणि हसता हसता रडली. मित्रांनो, तिचे अश्रू आमच्या अगदी दारातून वाहत होते. मला तेव्हा भावाचा फार अभिमान वाटला. सरळ करता येत नाही तर निदान धरून ठेवायचे, हे काम त्यालाही येत होते.

पुढचे थोडक्यात सांगतो. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मोतीबिंदू असल्याचे सांगितले. हल्ली बहुतेक ठिकाणी जुने भिंग आतल्या आत बारीक करून शोषून घेतात, पण आमचा खडा फारच टणक झालेला. म्हणून त्यांनी छोटी चीर देऊन तो अख्खा बाहेर काढला आणि आमच्या जागी नवे, स्वच्छ भिंग बसवले. खडा तुमच्या बाईंनी वर्गात दाखवायला मागून घेतला. वाईट वाटले का, असे तुम्ही विचाराल. वाटले. एवढी वर्षे राहिलेले घर ते. पण पट्टी काढल्यावर आत्या म्हणाली, "अगंबाई, भिंत पांढरी आहे होय!" आणि माझे वाईट वाटणे तिथेच संपले.

घरी येऊन बरी झाल्यावर तिने खिळ्यावरचा चष्मा काढला, पुसला, लावला आणि ज्योत पेटवली. पहिली वस्तू केली ती ही बाटली, माझ्यासाठी. खिडकीसमोर धरली, डावा डोळा मिटला, निरखली आणि टाकली पिंपात! भावाच्या तोंडचे पाणी पळाले. "ताई, आता काय झालं?"

"बुडाशी फुगा आहे. डोळे उघडून बघ जरा."

त्याने तुकडा उचलून पाहिला. खसखशीएवढा फुगा होता खरा. तो एवढा आनंदला की त्याने तो तुकडा जपून ठेवला. दुसरी बाटली पास झाली, ती ही तुमच्या हातातली.

म्हणून सांगतो, मित्रांनो, धगीसमोर आणि कडक उन्हात डोळे जपा. कोणाला सगळेच धुरकट दिसू लागले तर त्याच्याशी वाद घालू नका आणि गप्पही बसू नका, त्याला डॉक्टरांकडे न्या. भिंगाच्या गाभ्यात मदतनीस एकदाच मिळतात.

बाटलीत मला ठेवले त्या दिवशी तुमच्या बाईंनी आत्याला माझी सारी हकीकत समजावून सांगितली. आत्याने बाटली डोळ्यांजवळ आणली. जन्मभर मी तिच्या डोळ्यातून जग पाहिले होते, पण ती स्वतः आरशासमोर उभी राहायची ती भुवई जळली का हे बघण्यापुरती. तिचा चेहरा असा सावकाश मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. सुरकुतलेला, भाजल्याच्या खुणांचा, फार सुंदर चेहरा.

"मी जन्मायच्या आधीपासून धरून बसलास होय रे?" ती म्हणाली. "आता सोडलंस तरी चालेल."

मी नासू नये म्हणून या बाटलीत जे औषधी पाणी घातले आहे त्यात कोणाचीच पकड सुटत नाही, हे तिला कोणी सांगितले नव्हते. सुटत असती तरी मी सोडले नसते.