मायाक्काच्या जात्यातली फट

साहेब, तुम्ही खुर्चीवर बसून होता. शाळा तपासायला आमच्या वस्तीत आला होता. तुमच्या डोळ्यांसमोर एका बाईच्या तळहातावर तापलेला विळा टेकवायची तयारी चालली होती. एका शब्दानं ते थांबलं असतं. तो शब्द तुम्ही काढला नाहीत. हा आरोप मी चारचौघांत करतो आहे.

सोलापूरहून अक्कलकोटच्या वाटेवर आमची धनगरांची वस्ती. त्या महिन्यात मेंढरं पटापट मरत होती. गुरांच्या डॉक्टरला आणायचं सोडून लोकांनी धागेबुवाला आणलं. गिरणीचा दुपारचा भोंगा व्हायच्या आत दोनशे माणूस गोळा!

"वस्तीत चेटकीण हाय!" बुवा गरजला. "माणूस खोटं बोलंल, जातं न्हाय बोलायचं. जात्याच्या मधोमध आडवा धागा धरायचा, तेवढाच तोडायचा, नि कडेनं तीनदा लावायचा. कडा पुरी झाली तर घर चोख. फट राहिली, तर तितनंच चेटूक शिरतं!"

पहिलं जातं बिरप्पा कारभाऱ्याचं. बुवा धागा लावत गेला. एक, दोन, तीन. टोकाला टोक भिडलं. "चांगभलं!" लोक ओरडले. केराबाईचं जातंही चोख निघालं. मग मायाक्काचं. एकटी बाई, आणि बुवाला कोंबडं द्यायला तिनं सकाळीच नकार दिलेला. एक, दोन, तीन, आणि फट! चांगली तीन बोटांची.

"बगा रं! हातावर डाग द्या, चेटूक जळंल!"

"सासूचं जातं हाय ते," मायाक्का म्हणाली. "वीस वर्सं दळतीया त्यावर. आजच फट कुटनं आली?"

 जिच्या बाळंतपणात मायाक्कानं महिनाभर दळण दळलं, ती गोजाबाई दोन पावलं मागं सरली.

विळा तापवायला सोजरबाई लोहारणीला बोलावणं गेलं. नवरा गेल्यापासून भाता नि घण तीच चालवते. ती आली ती गार विळा नि चाकं मोजायची तार घेऊन. तिनं फट पाहिली आणि खदखदा हसली.

"बुवा, कदी चाकाला धाव चढिवलीया का?"

"कसली धाव?"

"गाडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी वो! चाकाच्या आडव्या मापाच्या तिप्पट पट्टी कापली, तर तोंड उगडंच राहतंय. वर आडव्या मापाचा सातवा हिस्सा घालावा लागतो. मायाक्का, तुजं जातं आडवं किती बोटं?"

"एकवीस."

"त्याचा सातवा हिस्सा?"

मायाक्कानं फटीकडं पाहिलं. "तीन," ती म्हणाली.

"मग माजं जातं कसं मिटलं?" बिरप्पा तडकला.

"धागा लोकरीचा हाय, कारभारी. वडंल तितका वाढतो की! तुमच्या जात्यावर वडून लावला, हिच्या जात्यावर सैल सोडला. ही घ्या तार. ही मंतरानं वाढत न्हाय."

तारेनं बिरप्पाचं जातं मोजलं. फट. केराबाईचं मोजलं. फट. मग सोजरबाईनं बुवाचंच पितळी ताट ओढलं. आडवं चौदा बोटं, फट दोन बोटं.

"आगं बया! बुवाच्या ताटात बी चेटूक!" गर्दीतनं सिदू ओरडला.

"तार बाटल्याली हाय!" बुवा किंचाळला. "लोखंड शनीचं!"

"मग विळा कशाचा रं, मुडद्या? डाग द्यायला लोखंड चालतंय व्हय?" सोजरबाईनं गार विळा त्याच्यापुढं धरला.

बुवानं ताट काखेला मारलं नि वाट धरली.

आडवं माप म्हणजे व्यास. कडेची लांबी म्हणजे परीघ. परीघ व्यासाच्या तिप्पट भरतो, नि वर सुमारे सातवा हिस्सा. तव्याला तोच हिशोब, विहिरीच्या रहाटाला तोच, देवळातल्या घंटेच्या तोंडालाही तोच. तो कुणावर रागावत नाही नि कुणावर कृपा करत नाही. लोकहो, माझंही ऐकू नका. तार घ्या, घरातलं ताट मोजा. एवढ्या कामाला बुवा कशाला हवा?

आणि साहेब, त्याच सकाळी आमच्या शाळेत तुम्ही पोरांना हेच गणित घातलं होतंत. म्हणजे तुम्हाला ते येत होतं.

बुवा गेला, पण मायाक्काला अजून विहिरीत घागर बुडवू देत नाहीत. बिरप्पा म्हणतो, "एवडं शिकल्यालं सायेब बसल्यालं, ते बी गप ऱ्हायलं. काय तरी असंलच की." सोजरबाईनं मिटवलेली गोष्ट तुमच्या मौनानं उघडी ठेवली आहे. मायाक्का रोज दीड कोसावरून पाणी आणते.

त्या विहिरीवर उभं राहून, सगळ्या वस्तीसमोर, "ही बाई निर्दोष आहे आणि मला ते तेव्हाच ठाऊक होतं," एवढं सांगायला तुम्ही कधी येता? वार कळवा.