पाच नंबरची मेंढी

बिरप्पा जातीचा धनगर. अक्कलकोटकडची मेंढरं विकून तो सोलापुरात एका दवाखान्यात चिकटला, आणि नशीब बघा, इथेही त्याच्या वाट्याला मेंढ्याच आल्या. सन शहात्तरची गोष्ट. डॉक्टर कोनापुऱ्यांनी सहा मेंढ्या आणवल्या आणि प्रत्येकीच्या पाठीत, दोन मणके सांधले जावेत म्हणून, मध्ये एक नवी वडी बसवली. प्लास्टिक आणि हाडाच्या भुकटीची, शरीराला सोसेल अशी. ही वडी एक्स-रेत धड दिसत नसे. त्यामुळे सारी भिस्त एकाच गोष्टीवर होती: सकाळी आठला मेंढी उभी आहे की नाही. डॉक्टर येत, बघत आणि वहीत ‘उभी’ असं लिहून जात.

तीन महिने सहाच्या सहा उभ्या होत्या. पुढची वडी सोजरबाईला बसायची होती. जेऊरच्या या बाईचा मणका क्षयाने खाल्ला होता आणि ती वॉर्डात उताणी पडून होती. वडीचं कळल्यापासून ती बिरप्पाला रोज एकच विचारायची, मेंढरं उटली का? तो म्हणायचा, उटली की.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी खुशीत येऊन त्याला चहा पाजला. मेंढ्या आपल्या आपण उठतात, म्हणूनच बाईच्या पाठीला हात लावायची हिंमत झाली, असं ते बोलता बोलता म्हणाले. बिरप्पाने कप खाली ठेवला. मेंढरू उठेना झालं तर धनगर त्याला पडू देत नाही, पोटाखाली हात घालून उभं करतो. त्यात कुणाला सांगण्यासारखं काय असतं? पाच नंबरच्या मेंढीला तो महिनाभर रोज सातला ‘एळव्वा, एळव्वा’ असं कानडीत चुचकारून उठवत होता. एकदा उठवली की ती उभी राहायची. आता नोकरी जाणार, हे त्याला दिसत होतं. पण सोजरबाई डोळ्यांसमोरून हलेना.

“साहेब, पाच नंबरची आपली आपण उटत न्हाय. मी उटवतो तिला.”

“कधीपासून?”

“म्हैना झाला.”

डॉक्टर रागावले नाहीत. उद्या कुठल्याच मेंढीला हात लावायचा नाही, एवढंच त्यांनी बजावलं आणि ऑपरेशन थांबवलं.

सकाळी बिरप्पा जाळीबाहेर उभा राहिला. चार मेंढ्या उठल्या. दोन नंबरची धडपडून पुन्हा बसली; तिलाही आपण येताजाता हात देत होतो, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. पाच नंबरने पुढचे पाय टेकले, मागचे आलेच नाहीत. त्याच्याकडे बघून ती ओरडली. त्याला रडू आलं. डॉक्टरांनी वहीत लिहिलं आणि ते निघून गेले.

वॉर्डात सोजरबाई वाटच बघत होती.

“उटली का रं मेंढरं?”

“दोन न्हाय उटली, आक्का.”

तिने हात पुढे केला.

“मग तू उटीव की मला.”

बिरप्पाने आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि तो तसाच उभा राहिला.