खडूच्या रेषेमागे

कडकडे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. मोटार वाइंडिंगचं दुकान चालवणारा साधा माणूस. पण स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या पाइपवर तांब्याची तार गुंडाळून त्यांनी पुरुषभर उंचीचं विजेचं यंत्र उभं केलं, आणि त्यातून पहिला कडकडाट उठला तेव्हा शेजाऱ्यांनी हे नाव ठेवलं. बायकोला कुणी काही नाव ठेवलं नाही. ती नुसती यंत्रासमोरच्या पिंजऱ्यात उभी राहायची.

पिंजरा खुराड्याच्या जाळीचा. ठिणग्या जाळीवर आपटून तशाच जमिनीत जायच्या, आत तिला गुदगुलीसुद्धा व्हायची नाही. पण खेळाचा खरा जीव होता कडकड्यांच्या फेरीत. वायर न जोडलेली ट्यूबलाइट हातात घेऊन ते यंत्राभोवती फिरायचे आणि ट्यूब आपोआप पेटायची. लोक तोंडात बोटं घालायचे. त्या फेरीपायी या माणसाने दुकान वाऱ्यावर सोडलं होतं.

मग त्यांच्या छातीत पेसमेकर बसला.

"त्या यंत्राजवळ फिरकायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं. "पेसमेकर गडबडला की हृदय गडबडलंच समजा."

"म्हणजे किती लांब राहायचं?"

"घरी राहायचं."

कडकड्यांनी याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. बटणाची वायर वाढवली आणि खेळ असेल त्या सभागृहाच्या मागच्या दाराशी जमिनीवर खडूने रेषा मारली. रेषेमागून बटण दाबायचं. दाबलेलं असेल तोवर यंत्र चालणार, अंगठा सुटला की बंद. कडकडाटात पिंजऱ्यातलं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून जुना नियम तोच ठेवला: ती खाली बसली की अंगठा काढायचा. इतक्या वर्षांत ती कधी बसली नव्हती.

"रेषा ओलांडायची नाही," तिने निक्षून सांगितलं. "माझी शपथ."

"नाही ओलांडत, बाई. पाठ झालं मला."

तरी तिने ट्यूब मुद्दाम घरीच कपाटामागे ठेवली. नवऱ्याला ती ओळखून होती.

त्या दुपारी ठिणग्या छान पडत होत्या, पण लोक जांभया देत होते. मध्येच कडकड्यांच्या जवळच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "ट्यूबवाला खेळ कुठाय? तो दाखवा की!" बाकीच्यांनी बाकं बडवली. कडकड्यांचा चेहरा पार उतरला. अंगठा काढून ते दाराबाहेर गेले आणि परत आले ते काखेत ट्यूब घेऊन. बाहेरच्या भिंतीवरची उपटून आणली होती. त्यांनी बटण हातात घेऊन दाबलं आणि तसंच दाबून धरत रेषा ओलांडली. मागे वायर फरफटत होती.

तिने ते पिंजऱ्यातून पाहिलं. ती झटकन खाली बसली.

कडकडे येतच राहिले. त्यांची नजर ट्यूबवर होती. तिच्यात फिकट उजेड थरथरायला लागला होता. लहान मुलासारखं हसत होते मेले! ती घसा फोडून ओरडली. तिने जाळीवर मुठी आपटल्या. पिंजऱ्याच्या दाराची कडी बाहेरून, तीही त्यांनीच घातलेली. त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. माणूस कोसळला तर अंगठा सुटेल आणि यंत्र बंद पडेल, पण मग बंद पडून उपयोग काय?

निदान हे तरी त्यांना दिसेल म्हणून तिने जाळीच्या भोकातून बोट बाहेर काढलं.

ठिणगी थेट बोटावर आली. वेदना खांद्यापर्यंत भिनली, चामडी जळल्याचा वास सुटला, आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या पिटायला लागलं. टाळ्या ऐकून कडकड्यांनी मान वर केली. बोट पाहिलं. बटण पडलं, ट्यूब फुटली, आणि एकदम शांतता झाली.

मागच्या मोरीत त्यांनी तिचं बोट नळाखाली धरलं.

"वेड लागलं होतं का तुला?"

"मी खाली बसले होते."

"दिसलं नाही गं मला." ते रडायला लागले. अगदी मनापासून रडले, यात तिला शंका नव्हती. मग नाक पुसून हळूच म्हणाले, "टाळी ऐकलीस? ट्यूबला कधी अशी पडली नव्हती."

तिला वाटलं, या माणसाच्या थोबाडीत द्यावी. शर्टाच्या उघड्या गळ्यातून कातडीखालचा पेसमेकरचा तो लहानसा उंचवटा दिसत होता. ट्यूब काय, प्रत्येक सभागृहाच्या भिंतीवर असते. ती किती लपवणार होती?

"दर खेळात बोट काढलं," ती म्हणाली, "तर रेषेमागे राहाल?"

कडकड्यांनी नळ बंद केला.

"राहीन."

"नक्की?"

"नक्की. ट्यूबचं नावसुद्धा काढणार नाही." त्यांनी तिचं बोट रुमालाच्या टोकाने जपून टिपलं, त्यावर फुंकर घातली. "पुढच्या वेळी डाव्या हाताचं काढ. उजव्याने तुला कामं असतात."

"बरं," ती म्हणाली.