चावलेलं नाणं

काकांनी नाण्यांची डबी उघडली, भिंग लावलं आणि तिला हसू फुटलं. हसण्यासारखं खरं तर काहीच नव्हतं. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. रविवारी नाणेप्रेमींचं मंडळ त्यांच्या आठवणीत त्यांची नाणी मांडणार होतं, आणि त्यातल्या एका नाण्यापायी ती या दुकानात आली होती. पण जुन्या नाण्यांच्या या दुकानदारकाकांनी भिंग डोळ्याला लावलं, की त्यांची खालची कवळी टक्कन निसटायची आणि ते जिभेने ती जागेवर ढकलायचे. ती कवळी बाबांनीच केलेली. बाबांचा धंदाच तो. दिवसभर लोकांचे दात घडवायचे आणि संध्याकाळी टांकसाळीच्या चुका हुडकायच्या. दोनदा ठसा बसलेलं नाणं, अर्धंच छापलेलं नाणं, राजाचं नाक कानाजवळ गेलेलं नाणं. जितकी चूक मोठी, तितकं बाबांचं जेवण जास्त.

"काका, बाकीची सगळी मांडा. हे चावलेलं तेवढं राहू द्या."

"राहू द्या? अगं, माझा जन्म गेला याच्यावर भांडण्यात! सत्तावीस वर्षं तुझ्या बापाने मला हे पारदर्शक पाकिटाच्या आडून दाखवलं. हातात म्हणून दिलं नाही. मी म्हणायचो, कानस मारलीय. तो म्हणायचा, टांकसाळीची चूक आहे, तुला मोतीबिंदू झालाय. आज तो आडवा यायला नाही, तर तू आलीस होय?"

असं म्हणून काकांनी कात्री उचलली आणि पाकिटाची कड कापूनही टाकली.

नाणं काचेवर वाजलं. बिस्किटाचा घास घ्यावा तसा त्याच्या एका बाजूचा तुकडा गेलेला.

"आता शीक," काका हात चोळत म्हणाले. "पत्र्यातून चकती कापताना पत्रा नीट सरकला नाही, तर आधीच्या भोकावरच घाव बसतो. चकती अशी चावल्यासारखी निघते. मग तिच्यावर ठसा मारला, की जिथे धातूच नाही तिथे दाब बसत नाही. म्हणून घासाच्या बरोबर समोरची कड फिकी पडते. आणि इथे बघ! समोरची कड कशी खणखणीत आहे! कानस! कानस! हरलास रे, कवळीवाल्या!"

काका खुर्चीतल्या खुर्चीत नाचले. ती मात्र नाचली नाही.

"काका, ते मी केलंय."

कवळी टक्कन निसटली.

"आठ वर्षांची होते. बाबांकडे चावलेलं नाणं नव्हतं, रोज हळहळायचे. म्हणून त्यांच्या वाढदिवसाला त्यांचीच कानस घेतली आणि करून त्यांच्या बशीत ठेवलं. ते आनंदाने ओरडतच उठले, त्याच संध्याकाळी मंडळात घेऊन गेले. मी तेव्हा तोंड उघडलं नाही, आणि पुढे उघडायची सोयच राहिली नाही. ते नाणं जवळून बघायचंही टाळलं." तिने नाण्यावर तळहात ठेवला. "रविवारी सगळे म्हणतील, एवढा जाणकार माणूस, आणि जन्मभर कानस मारलेलं नाणं मिरवत बसला. माझ्यामुळे."

काकांनी तिचा हात हळूच बाजूला केला. पुन्हा भिंग लावलं. या वेळी बराच वेळ.

"किती वेळ घासलं होतंस गं?"

"पाचेक मिनिटं. हात भरून आला. जरासं खरवडलं गेलं असेल."

"जरासं?" काकांनी नाणं तिच्याकडे सरकवलं. "हे बघ, या टोकाला तीन वाकड्या रेघा. हे तुझं काम, दिसतंच आहे. आणि बाकीचा हा अख्खा घास? आतून बोट फिरव."

तिने फिरवलं. गुळगुळीत. कुठेच टोचलं नाही.

"लबाडी करणारा माणूस कड धारदारच सोडतो. टांकसाळीला तर कुणाच्या बोटांचं सोयरसुतक नसतं. इथे कडेची धार मोडलीय, वरून आणि खालून गोल केलीय. पैसा घासताना धार कोण मोडतं?"

काकांनी खालची कवळी काढून नाण्याशेजारी ठेवली. तिने कवळीच्या कडेवरून बोट फिरवलं, मग नाण्यावरून, मग पुन्हा कवळीवरून.

"जिभेला लागू नये म्हणून," ती म्हणाली. बाबा कामाला बसले की हे वाक्य स्वतःशी पुटपुटत असायचे.

"म्हंजे त्याला शगळं ठाऊक होतं!" काका बिनदातांनी किंचाळले. "बाकीचं त्यानंच घाशलं! आणि मला मोतीबिंदू! शत्तावीश वर्शं!"

झालं. दोघांनाही हसण्याची उबळ आली. काका टेबलावर थापा मारू लागले तशी कवळी उड्या मारू लागली. ती पडू नये म्हणून तिने धरली, तर नाणं घरंगळलं. नाणं धरायला काका वाकले आणि त्यांचं डोकं टेबलाला आपटलं. रस्त्यावरून जाणारा एक माणूस काचेतून आत बघून गेला. तिला उचकी लागली. तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसावा लागला. दोन महिन्यांत ती एवढं हसली नव्हती, आणि पुसायचं काय ते याच हसण्यात पुसून घेतलं.

शेवटी काकांनी दात बसवले, गळा साफ केला आणि नाण्याखाली ठेवायची चिठ्ठी पुढे ओढली.

"हे मधोमध मांडायचं. काय लिहू?"

"लिहा, टांकसाळीची चूक नाही."

काकांनी मोठ्या समाधानाने लिहिलं. "आणखी?"

ती अजून अंगठा त्या घासात फिरवत होती.

"लिहा, हात लावून बघायला हरकत नाही."